सातबाऱ्याच्या खाली

त्या उन्हाळ्यात माझ्या मशीनला टोनर पुरेना.
कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकलेलं दुकान,
एक झेरॉक्स, एक लॅमिनेशन,
एक कूलर, ज्याच्या ताट्या दोन वर्षं बदलल्या नव्हत्या.
आणि सावनेरकडून येणाऱ्या पहिल्या बसने
उतरणारं अख्खं बोरडोह.
सातबारा, आठ-अ, फेरफार.
"पाच-पाच कॉप्या मार, भाऊ. नाही, सात मार.
कोणती कंपनी निघंन, सांगता येत नाही."

गावात ट्रक येऊन गेले होते,
पोटाखालचा लोखंडी पाट टेकवून
जमिनीला हादरे देणारे.
चापल्यांच्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं.
मग परातीएवढ्या भोकातून
दोन किलोमीटर खालचा दगड वर आला,
काळा, पापुद्र्यांचा,
भिजून चिकटलेल्या वहीसारखा.

शालिक ठवकरांनी त्यातली एक खपली
रुमालावर माझ्या काउंटरवर ठेवली.
"वास घे."
मला टोनरचाच वास आला.
"येते न?"
"हाव," म्हणालो. सात कॉप्यांचं गिऱ्हाईक.

ठवकरांच्या साळ्याचा पोरगा ओक्लाहोमात
कुठल्याशा मोटेलचा हिशेब लिहितो.
त्यानं फोनवर सांगितलं होतं,
तिकडं शेताखाली गॅस लागला
की महिन्याच्या महिन्याला घरी चेक येतो,
शेतात पाय न टाकता.
त्या चेकवर बोरडोह तीन महिने जगलं.
साडेबारा टक्के. कुणी म्हणे सोळा.
माझ्याच बाकावर, बसच्या तिकिटामागे आकडे मांडून,
देवमन चापल्यांनी मानकापूरला फ्लॅट घेतला,
तिसऱ्या मजल्यावर,
चौथ्यावर स्लॅब तापते म्हणून.

फगवा उईकेचं अर्धा एकर.
तो उभाच असायचा. एकदा म्हणाला,
"पण खाली गॅस सरकत असंन न इकडून तिकडं?
तिथं थोडीच धुरा हाय?"
कुणी हसलं नाही.
धुऱ्यापायी दोन डोकी फुटलेलं गाव ते.

मग बेबीनंदा आली,
ठवकरांची धाकटी बहीण, नंदनवनहून,
ऑटो बदलत बदलत.
पिशवीत एकच कागद. हक्कसोडपत्र,
राखीनंतर चौथ्या दिवशी सही केलेलं,
एक साडी आणि एकशे एक रुपये घेऊन.
"याची कॉपी दे."
भाऊ बाजूलाच उभा होता.
मशीनचा उजेड दोघांच्या हनुवटीवरून सरकला.

"वाच न दादा. पूर्वेस नाला,
पश्चिमेस चापले, उत्तरेस पांदण, दक्षिणेस गावठाण.
चारी बाजू लिहिल्या. खाली काय, ते नाही लिहिलं.
वरचं सोडलं म्या.
खालचं कधी सोडलं?"

ठवकरांनी तोंड उघडलं,
मग सुट्टे पैसे मोजायला घेतले.

सुनावणी आत झाली, मी बाहेर.
साहेब तरुण होता म्हणे, चांगला बोलला,
सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या.
पोटातलं तेल, वायू सरकारचं.
रॉयल्टी सरकारजमा.
वरचं नुकसान मात्र भरून मिळेल:
संत्र्याची चार झाडं, तारेचं कुंपण.
म्हशीचं काही नाही.

बाहेर आले तेव्हा आरडाओरडा नव्हता.
देवमननं पाणी मागितलं,
ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला.
फगवा गेलाही होता, दुपारची बस धरून.

बाकावर शालिक.
बेबीनंदा त्याच्यासमोर, पिशवी पोटाशी धरून.
"म्हंजे खालचं तुलेही नाही?"
"नाही."
"एक फूटभर?"
"नांगर जाते तेवढंच आपलं."
ती हसली, पदरात तोंड घालून, बराच वेळ.
"मंग तिथं तरी बराबर झालो."
तो थोडा सरकला. ती बसली.
माझ्याकडे वळून तिनं विचारलं,
त्या कॉपीचे पैसे द्यायचे राहिले काय?
दोन रुपये. मी नको म्हणालो, तिनं दिलेच.

कॉप्यांचा गठ्ठा कुणीच नेला नाही.
पाठकोऱ्या बाजूंवर मी उधारी लिहितो.
खपलीही राहिली, रुमालासकट.
गिऱ्हाईक नसलं,
की मी हुंगून पाहतो.